भिंतीला टेकवलेल्या सायकली

चेनकव्हर
परवा इथेच, या फोरमवर, निवांत_पायडल यांनी 'ऑफिसला सोबत करणारी माझी लाडकी' म्हणून नव्या ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यावरही चालणाऱ्या) सायकलचे अकरा फोटो टाकले आणि वर 'तुम्हीही तुमची दाखवा' असं आवतण दिलं. दोन दिवसांत सत्तरेक सायकली येऊन पडल्या. एवढ्या कौतुकात मिठाचा खडा नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

सगळे फोटो पाहिले. वेळ होता. सगळे एकाच साच्यातले: सायकल भिंतीला टेकवलेली, चेनची बाजू आपल्याकडे, पायडलचा दांडा आडवा, दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बरोबर खाली. दाखवायच्या कार्यक्रमाला मुलगी बसवावी तशी बसवलेली. सत्तरांत मडगार्ड असलेल्या मोजून चार. कॅरियर दोघींना. स्टँड एकीला. मग डबा कुठे ठेवता हो? पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो तो घेऊनच मीटिंगला बसता?

मी १९८४ ते ९७ पुण्यात शनिवार पेठ ते भोसरी सायकल मारली आहे. बावीस इंची काळी हर्क्युलस. सकाळच्या पाळीला हॅरिस पुलावर नुसत्या सायकलींची रांग असायची, दापोडीपासून पुढे घंटांचा आवाज. त्यातल्या एकालाही सायकल मिरवावीशी वाटली नाही, कारण ती कामावर जायचं साधन होती. आजही पेपर टाकणारा पोरगा, आमच्या सोसायटीचा वॉचमन, पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे यजमान सायकलवरच कामाला जातात. त्या सत्तरांत यांच्यापैकी कोणाची सायकल दिसली? नाही दिसणार, कारण 'ऑफिस' म्हणजे गळ्यात पट्टा अडकवून जायची जागा.

चूक असेल तर दाखवा.

निवांत_पायडल
दाखवतो.

कोथरूड ते हिंजवडी, एका बाजूने साधारण १८ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. चांदणी चौकाचा चढ रोज तुमच्या नावाने चढणार आहे आता. सायकल नव्वद हजारांची आहे, कर्ज काढून घेतलेली नाही, कोणाकडून हुंडाही घेतला नाही. शेजारच्याची चारचाकी दाराशी आली की तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात, सहकुटुंब फोटो काढतात. तेव्हा कोणी म्हणत नाही की अहो, हे तर कामावर जायचं साधन. मी भिंतीला सायकल टेकवली की मात्र मिरवणं?

चेनच्या बाजूचं म्हणाल, तर गिअर त्या बाजूला असतात म्हणून ती बाजू दाखवतात. घड्याळाचा फोटो मागून काढता का?

आणि फोटो टाकून काय होतं ते सांगतो. आमच्या टीममधले दोघं माझे फोटो बघूनच यायला लागले. दोन मोटारी कमी झाल्या भूमकर चौकातल्या. तुमच्या हर्क्युलसच्या आठवणींनी किती कमी झाल्या?

डबा पाठीवरच्या बॅगेत. कपडे ऑफिसात बदलतो. स्टँड लावत नाही, कारण उगाच अर्धा किलो वजन.

लिंबूटिंबू
शेंगदाणे भाजून आणलेत. चालू द्या.

चेनकव्हर
अर्धा किलो!! तो आधी पोटावरचा कमी करा की राव. तुमचाच सातवा फोटो पाहा, जर्सी काय सांगते ते. (हलके घ्या.)

खडी_रस्ता
काका, चेष्टा बाजूला. वजन हे स्टँड न लावण्याचं खरं कारण नाहीच. साधा स्टँड मागच्या दोन नळ्यांना पकडून आवळायचा असतो. तुमची हर्क्युलस स्टीलची, तिला काही होत नाही. अॅल्युमिनियमची नळी पातळ असते, जास्त आवळलं की चेपते. कार्बनला तर असा क्लॅम्प लावायचाच नाही. शिवाय एकपायी स्टँडवर सायकल उभी केली आणि हँडल वळलं की धाडकन पडते, तीही नेमकी डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राच्या बाजूला. ते ज्यावर लटकतं तो हँगर वाकला की गिअर उड्या मारतात. भिंत परवडली.

चेनकव्हर
म्हणजे नव्वद हजार मोजून जी वस्तू स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही, ती घ्यायची. बरं.

आमच्या वेळी दोनपायी स्टँड असायचा. मागचं चाक उचलून खट्कन लावला की सायकल देवळापुढच्या नंदीसारखी हलायची नाही. कॅरियरवर गव्हाची पिशवी ठेवा, पोराला बसवा, चाक हवेत फिरवून चेनला तेल घाला.

खडी_रस्ता
दोनपायी आजही मिळतो. मागची फ्रेम लांब असेल तर बसतो, ग्रॅव्हलला जागाच नसते. जाता जाता, मडगार्डचा तुमचा मुद्दा मात्र मान्य. घेताना फ्रेमला आयलेट (स्क्रूची भोकं) आहेत का ते बघावं, म्हणजे पूर्ण लांबीचं मडगार्ड बसतं. सीटला अडकवायचं ते प्लास्टिकचं शेपूट बिनकामाचं. पाठ वाचते, बूट भरतात.

तिसरी_घंटा
पहिली गोष्ट, 'दाखवायच्या कार्यक्रमाला मुलगी बसवावी तशी' ही उपमा मागे घ्या. मी पण बसले आहे तशी, दोनदा. फोटोतल्या सायकलला निदान पोहे करावे लागत नाहीत.

दुसरी, स्टँड असलेली ती एक सायकल माझी. पुढे जाळीची टोपली, मधली नळी खाली वळलेली, गिअर नाही. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, सपाट. कुर्त्यातच जाते, कपडे बदलायची भानगड नाही. आता ऐका माझी कहाणी. पहिल्या दिवशी मुख्य गेटला गार्डने हात आडवा केला. 'मॅडम, सायकल लेबर गेटला.' ओळखपत्र दाखवलं. त्याने एकदा ओळखपत्राकडे, एकदा सायकलकडे पाहिलं आणि म्हणाला, 'हो, पण रजिस्टरमध्ये गाडी नंबरचा रकाना आहे, तिथे काय लिहू?' अकरा दिवस मी मागच्या गेटाने आत गेले. तिथे रोज साठ-सत्तर सायकली लागतात, हाउसकीपिंगच्या, कँटीनच्या, माळीकाकांच्या. पत्र्याची शेडसुद्धा नाही. माझ्या सायकलला तिथे आधार मिळाला तो तिच्या स्टँडचाच, कारण भिंतीपाशी आधीच तीन-तीन रांगा.

बाराव्या दिवशी मी सायकलचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. होय, चेनच्या बाजूने. पन्नास बदाम आले, एका साहेबांनी अॅडमिनला विचारलं, आणि महिन्यात मुख्य गेटपाशी सायकल लावायला लोखंडी चौकट आली. दहा सायकलींची. तेव्हा फोटो टाकण्याने काय होतं हे मला सांगू नका. आणि काय होत नाही तेही ऐका: मागच्या गेटला अजून शेड नाही.

निवांत_पायडल
ती लोखंडी चौकट म्हणजे फक्त पुढचं चाक अडकवायची ना? तिला आम्ही चाकमोडी म्हणतो. शेजारच्याने धक्का दिला की रिम वाकडी होऊन आउट आलाच. सायकल न चालवणाऱ्याने कॅटलॉग बघून मागवलेली असते.

तिसरी_घंटा
तीच. एवढं वाचून तुम्हाला चौकट तेवढी दिसली.

उट्रेख्तकर
इथे नेदरलँड्समध्ये नऊ वर्षं झाली. उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, जगातलं सगळ्यात मोठं म्हणतात. त्यातली एकही सायकल फोटो काढण्याच्या लायकीची नाही! गंजलेल्या, चिखलाने माखलेल्या 'ओमाफिट्स', म्हणजे आजीच्या सायकली. पण प्रत्येकीला मडगार्ड, चेनकव्हर, दिवा, कॅरियर, स्टँड. डोक्यावर हेल्मेट नाही, अंगावर जर्सी नाही, सुटाबुटात लोक जातात. चांगली सायकल ठेवली तर चोरीला जाते, म्हणून कुलूप सायकलपेक्षा भारी. इथे कोणी 'मी सायकलस्वार आहे' असं म्हणत नाही, 'मी दात घासतो' म्हणत नाहीत तसं. चेनकव्हर काकांना १०० टक्के अनुमोदन.

लिंबूटिंबू
आले. नेदरलँड्सवाले आले. बारावा प्रतिसाद व्हायच्या आत येतात, हा नियम आहे.

निवांत_पायडल
उट्रेख्तकर, तुमच्याकडे वेगळे रस्ते आहेत हो! तेही आभाळातून पडले नाहीत, सत्तरच्या दशकात लोकांनी 'पोरांना मारणं थांबवा' म्हणत रस्त्यावर उतरून मिळवले. आमच्याकडे पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला, ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा. २०१८ मध्ये भाड्याच्या पिवळ्या, केशरी सायकली आल्या, वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. असलेल्या ट्रॅकवर आज वडापावची गाडी, डीपीचा खोका आणि बुलेट उभी असते. अशा गावात ट्रकच्या कडेने सायकल मारणाऱ्याने भडक जर्सी घातली तर ती मिरवायला नाही, जिवंत राहायला घालतो तो. सपाट देशात बसून अनुमोदन देणं सोपं आहे.

उट्रेख्तकर
सपाट आहे पण इथला वारा तुम्ही खाल्लेला नाही. असो. इनो घ्या.

निवांत_पायडल
तुम्हीच घ्या, तिकडे मिळत नसेल तर पाठवतो.

पंचगंगा
मी इचलकरंजीचा. एरवी नुसता वाचतो, पण चेनकव्हर साहेबांनी 'एकालाही मिरवावीशी वाटली नाही' असं लिहिलंय ते काही पटलं नाही.

आमचे वडील यंत्रमागावर. पाळी बदलायची वेळ झाली की रस्ता सायकलींनी भरायचा, सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. आणि सारख्या होत्या म्हणूनच प्रत्येकजण आपली वेगळी करायचा. वडिलांच्या चेनकव्हरवर पेंटरकडून पिवळ्या रंगात आमच्या थोरल्या बहिणीचं नाव लिहून घेतलेलं, शेजारी गुलाब. दोन्ही चाकांच्या मधल्या हबला लाल-हिरवे गोंडे, म्हणजे फिरताना हब आपोआप पुसला जातो. मुठींना झिरमिळ्या. सीटला मखमली कव्हर. डायनॅमोचा दिवा दोन डोळ्यांचा. कापडाचा कोरा तुकडा मागावरून आणायचे आणि रविवारी सकाळी उंबऱ्यावर बसून एकेक तार पुसायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. मी नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो ते शेजारच्यांच्या सायकलवर.

खंडेनवमीला सगळी पेठ आपापली सायकल धुऊन, झेंडूचा हार घालून दारात लावायची. संध्याकाळी बाप्ये गल्लीतून चक्कर मारायचे आणि एकमेकांच्या सायकली बघायचे. 'गोंडे नवे काय?' 'रिमा बदलल्यात वाटतं.' ह्याला मिरवणं नाही तर काय म्हणायचं? कॅमेरा नव्हता एवढंच.

म्हणून मला ती सत्तर सायकलींची पोरं काही वाईट दिसली नाहीत. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. त्या धाग्यावर एकाने कॅरियरवाल्या सायकलचा फोटो टाकला, तर खाली कोणीतरी लिहिलं, 'दूधवाली एडिशन वाटतं?' आणि पंधरा जण हसले.

निवांत_पायडल
ते वाक्य माझं नव्हतं.

पंचगंगा
हसणाऱ्यांत होतात.

निवांत_पायडल
हो. होतो. चुकलं.

खडी_रस्ता
हबच्या गोंड्यांची आयडिया मस्त आहे राव. डिस्क ब्रेकला नाही चालणार मात्र, गोंड्याला तेलकटपणा असेल तर रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लागेल.

लिंबूटिंबू
कोणीतरी याला आवरा.

चेनकव्हर
पंचगंगा, काल रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागेना. सकाळी बायकोला विचारलं, आपल्या हर्क्युलसला मी काय काय केलं होतं गं? ती चहा गाळता गाळता म्हणाली, 'हँडलला आरसे लावले होते दोन. त्यात भांग पाडायचात सिग्नलला.' हे मी सोयीस्कर विसरलो होतो. पुढच्या मडगार्डवर पितळी गरुड होता, तोही तिनेच आठवण करून दिला. मंडईजवळून आणला होता, दिवाळीच्या बोनसातून.

तेव्हा 'एकालाही नाही' हे वाक्य मागे. मुलगी दाखवण्याची उपमाही मागे, तिसरी_घंटा यांचा धाक आहे. वॉचमनचा मुद्दा मागे घेत नाही. मडगार्डचा तर मुळीच नाही. आणि निवांत_पायडल, जर्सीवरून बोललो ते जास्त झालं. पण चढ माझ्या नावाने चढणार असाल तर चढा, वजन उतरेल.

हर्क्युलस अजून जिन्याखाली आहे. चाकांत हवा नाही, ट्यूब गेली असणार. ओढून बाहेर काढली, पुसली, फोटो टाकतोय.

निवांत_पायडल
चेनची बाजू भिंतीकडे आहे. व्हॉल्व्ह एक दोन वाजता, एक आठला. पायडल कसंही. गरुडाचं एक पंख तुटलंय.

पण काका, सीट ब्रूक्सची, त्या नावाजलेल्या चामडी सीटवाल्यांची, आहे का ती? जवळून एक टाका.

चेनकव्हर
नाही हो, लोकल चामड्याची. तेरा वर्षांत माझ्या आकाराची झाली आहे, तुम्हाला बसणार नाही. आणि नीट बघा, भिंतीला टेकवलेली नाहीये. स्टँडवर आहे.

तिसरी_घंटा
दोनपायी?

चेनकव्हर
दोनपायी.

खडी_रस्ता
त्याच्या दोन पायांमधलं अंतर मोजून सांगाल का? बाहेरून बाहेर. माझ्या जुन्या एमटीबीला (माउंटन बाइकला) बसतोय का बघतो.