फुलाचा अर्थच दिसत नसेल, तर पोर्ट्रेटला ‘प्रतीकात्मक’ का म्हणायचं?

कवडसा (धागालेखक)
फुलांसोबतच्या पोर्ट्रेटची सध्या लाट आहे. केसांत फुलं, डोळ्यांवर पाकळ्या, दुधाळ पाण्यात चेहऱ्याभोवती तरंगणारी फुलं. खाली ओळ असते, ‘फुलांच्या सांस्कृतिक प्रतीकांवर आधारित मालिका’. फोटो मात्र एफ १.४ वर काढलेला, म्हणजे लेन्सचं तोंड इतकं उघडं की पातळसा एकच थर धारदार येतो, बाकी धूसर! पापणीचा केस न् केस मोजता येतो आणि फूल म्हणजे नुसता रंगाचा डाग. ती शेवंती आहे की डेलिया, हेही कळत नाही. मग प्रतीक कुठलं?

माझं म्हणणं एवढंच, की प्रतीकाचं नाव घ्यायचं असेल तर अर्थ माहीत हवा आणि फूल ओळखू यायला हवं. पांढरी शेवंती जपानमध्ये अंत्यविधीला लागते. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास शेवंतीच्या कुंड्या कबरींवर ठेवतात. तिचाच मुकुट हसऱ्या चेहऱ्यावर चढवून खाली ‘नवी सुरुवात’ लिहिणं मला खटकतं. इंग्लिश चित्रकार मिलेनं १८५१-५२ मध्ये ‘हॅम्लेट’ नाटकातली बुडणारी ऑफेलिया रंगवली, तेव्हा तिच्याजवळ लाल पॉपी (खसखशीच्या जातीचं फूल) ठेवली. शेक्सपिअरनं तिच्या फुलांत पॉपी सांगितलेली नाही, मिलेनं ती मृत्यूची खूण म्हणून आणली. आणि चित्रातली फुलं आजही ओळखता येतात. हे कष्ट कॅमेरेवाल्यांनी का घेऊ नयेत?

रानवाट
पूर्ण असहमत. अर्थ कुठल्या कोशातला धरायचा? शार्लोट द लातूर या नावानं फुलांच्या भाषेचं, म्हणजे कुठल्या फुलाचा काय अर्थ हे सांगणारं, फ्रेंच पुस्तक १८१९ मध्ये आलं. मग तसे कोश निघतच राहिले आणि त्यांचं आपसांत जुळत नाही. पिवळा गुलाब तेव्हा मत्सराचा होता, आज मैत्रीचा आहे. झेंडू मेक्सिकोत मृतांच्या दिवसाचा, भारतात लग्नमंडपाचा. तुमच्या नियमानं चालायचं तर जगात कुणाला ना कुणाला प्रत्येक फोटो चुकीचाच वाटेल. बघणाऱ्याला आधी रंग भिडतो, पोत भिडतो. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅमचं १९२५ चं ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’ बघा, एकाच फुलाचा जवळून काढलेला फोटो. मॅग्नोलिया कशाचं प्रतीक आहे हे ठाऊक नसलं म्हणून ते चित्र काही कमी पडत नाही.

कवडसा
पण कनिंगहॅमच्या त्या फोटोत चेहरा नाही आणि प्रतीकाचा दावाही नाही. केवळ रंगासाठी फूल घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी खुशाल घ्यावं, फक्त संस्कृतीचं नाव पुढे करू नये.

अनुस्वार
दोघांनाही एका फोटोची आठवण करून देतो. २१ ऑक्टोबर १९६७, पेंटागॉनसमोर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं. १७ वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी एक फूल चेहऱ्याशी धरून उभी आहे, समोर संगिनी लावलेल्या रायफलींची रांग. ते फूल शेवंतीचंच आहे. फोटो काढणारे मार्क रिबू फ्रेंच, म्हणजे जिथे शेवंती कबरीवर वाहतात त्याच देशातले. तरी या फोटोत अंत्यविधी कुणी पाहिला? जगानं शांतताच वाचली. फुलाचा अर्थ त्याच्यासमोर काय उभं आहे त्यावर ठरतो. त्यामुळे माझं मत रानवाट यांच्या बाजूनं.

कवडसा
उदाहरण जबरदस्त आहे. पण त्यात ते फूल स्पष्ट दिसतं आणि छायाचित्रकारानं सजावट म्हणून हातात दिलेलं नाही. त्यामुळे माझं म्हणणं तिथे मोडत नाही!

सावली
मी अशी पोर्ट्रेट काढते, म्हणून तांत्रिक बाजू सांगते. बरीच प्रतीकं वाद घालण्याआधीच फाइलमध्ये मरतात. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे नोंदवतो; लाल फुलात रेड चॅनल आधी फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील हरवतो. चेहऱ्याचं एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) बरोबर असतं आणि गुलाबाच्या पाकळ्यांच्या घड्या जाऊन सपाट लाल गोळा उरतो. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) हे कळत नाही, तिन्ही चॅनल वेगळे बघावे लागतात. पांढऱ्या लिलीचं तेच, चेहऱ्यावर मोजलेला उजेड तिला जाळून टाकतो. पानं गालाच्या फार जवळ आली की त्वचेवर हिरवट झाक पडते. मी फूल आणि डोळा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर, एकाच प्रतलात आणते आणि एफ ५.६ च्या आसपास राहते, म्हणजे लेन्सचं तोंड लहान होऊन धारदार भाग वाढतो. मागचं जग थोडं धारदार होतं, होऊ दे.

फूल मात्र मी निवडत नाही. समोरच्या माणसाला विचारते, तुमच्या घरात कुठलं फूल कधी आणतात? उत्तर देताना चेहरा बदलतो, मला तोच चेहरा हवा असतो.

रानवाट
सावली, हे पटलं. पण मग अर्थ त्या माणसाचा झाला, संस्कृतीचा कुठे राहिला? आणि बघणाऱ्याला तो कळायला खाली चार ओळी लिहाव्या लागणार. असं चित्र मी अपुरंच मानतो.

कवडसा
घरात फूल कधी आणायचं हे त्या माणसानं एकट्यानं ठरवलेलं नसतं, रानवाट. मेक्सिकोतल्या बाईनं झेंडूचा हार हातात धरला, तर तिच्या गावाला चार ओळींची गरज पडत नाही. ओळी लागतात त्या तुम्हाआम्हाला, आणि त्या वाचायची माझी तयारी आहे.