एलईडी बसवल्यावर डीआरएल बिघडले की लगेच रेझिस्टर? मला पटत नाही

दिवसा पेटणाऱ्या दिव्यांत, म्हणजे डीआरएलमध्ये, साधा बल्ब काढून एलईडी घातला की तक्रारी ठरलेल्या. एक बाजू बंद, दिवे लुकलुकतात, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण. सल्लाही ठरलेला: रेझिस्टर, म्हणजे जादा करंट ओढणारा रोधक, बल्बला समांतर लावा. अहो, एलईडीला प्लस-मायनस असतं! एकच बाजू बंद असेल तर आधी बल्ब होल्डरमध्ये उलटा फिरवून बघा.

वायरमन
असहमत. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो, एलईडी त्या मानाने अगदीच कमी. दिवे सांभाळणाऱ्या मॉड्यूलला, म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटला, वाटतं फिलामेंट (बल्बमधली तार) तुटली, आणि ते दिवा बंद करतं. बल्ब फिरवून करंट वाढणार आहे का? रेझिस्टरने वाढतो.

धागाकर्ता
वाढतो, पण ६ ओमचा रेझिस्टर १२ व्होल्टला २४ वॅट उष्णता काढतो, इंजिन चालू असताना ३० च्या वर. बल्बही तापायचा, मान्य. पण त्याच्यासाठी दिव्यात जागा केलेली होती. झिप टायने वायरिंगलाच बांधलेला रेझिस्टर मी पाहिलाय: शेजारच्या वायरचं आवरण तपकिरी होऊन बोट लावताच चुरत होतं. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा.

मीटरवाली
लुकलुकण्याचं मूळ बहुतेकदा वेगळंच असतं. हेडलाइटच मंद करून डीआरएल म्हणून वापरतात, तिथे पुष्कळ गाड्या पीडब्ल्यूएमने वीज तोडून तोडून देतात. फिलामेंट मधल्या क्षणांत तापलेलीच राहते, एलईडी मात्र दर ठोक्याला विझतो. तिथे कपॅसिटरवाला डिकोडर, म्हणजे तुटक वीज सलग करणारी डबी, लागतो. काही जुन्या गाड्यांत दोन्ही हाय बीम सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले, असतात, प्रत्येकाला साधारण ६ व्होल्ट, आणि तेवढ्यावर पुष्कळ एलईडी पेटतच नाहीत. पीडब्ल्यूएमच्या तुटक विजेचीही साधा मीटर सरासरीच दाखवतो, त्यामुळे आकड्यावरून फसायला होतं. मूळ बल्ब लावा, डीआरएल चालू ठेवून एका बाजूचा काढा. दुसराही विझला तर सिरीज.

वायरमन
ही चाचणी पटली. पण नुसती खूण येत असेल तर रेझिस्टरच, यावर मी ठाम आहे.

जुनाबल्ब
मुळात हेडलाइटमध्ये एलईडी हवाच कशाला? रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ८७ मध्ये डीआरएलच्या उजेडाची तीव्रता कमाल १२०० कँडेला ठरवली आहे. मंद न होणारा एलईडी हाय बीमच्या जागी भरदिवसा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मूळ बल्ब परत लावा.

धागाकर्ता
हेडलाइटपुरतं तुमचं शंभर टक्के बरोबर. वेगळ्या डीआरएल दिव्यांबाबत नाही. तिथे मॉड्यूलमधली बल्बतपासणी कोडिंगने, म्हणजे सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलून, बंद करता येत असेल तर ती करा. रेझिस्टर सगळ्यात शेवटी.