अनुभव धागा : आंबिल ओढा, रामनदी आणि टेकडीवरचं काँक्रीट

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा पुण्यातल्या वस्त्यांत शिरला. छोट्या नद्यांच्या पाणलोटावर काम करणाऱ्यांनी लिहा, नेमकं कुठे बिघडतं? आकडे घालून लिहा.

घनमीटर : १०० हेक्टर टेकडी धरा, पाऊस तासाला ६० मिमी. अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा जमिनीवरून वाहून जातो तो) × तासाचा पाऊस मिमीत × हेक्टर ÷ ३६० = सेकंदाला घनमीटर. गवताळ उताराला गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला ५ घनमीटर येतात. तोच उतार छपरं, पार्किंग आणि डांबराखाली गेला की गुणांक ०.८, म्हणजे १३.३. इथेच थांबलात तर हिशेब चुकेल. मातीतून रेंगाळणारं पाणी आता गटारातून धावतं, ओढ्याला लवकर पोचतं. मग पूर ठरवते ती पंधरा मिनिटांची सर, आणि तिची तीव्रता ताशी ६०पेक्षा बरीच जास्त असते. बहुतेक आराखड्यांत गुणांक बदलतात, पावसाचा कालावधी जुनाच ठेवतात.

मोरी : मोरी म्हणजे रस्त्याखालून ओढा नेणारे पाइप. १२०० मिमी व्यासाचे तीन पाइप मिळून ३.४ चौरस मीटर. सेकंदाला २ मीटर वेगाने पाणी गेलं तरी सेकंदाला ७ घनमीटर होत नाहीत. आधीच्या हिशेबातले गवताळ उताराचे ५ निघून जायचे, काँक्रीटनंतरचे १३ तुंबणारच. त्यात मोरीच्या तोंडाशी कुणीतरी जलवाहिनी आडवी नेलेली असते. तिला फांद्या, गाद्या अडकतात. मेमधली सफाई पुरत नाही, कारण पहिल्या जोरदार पावसात वरचा सगळा कचरा खाली येतो. त्यानंतर लगेच पुन्हा साफ करा.

गटनंबर : जुना गावनकाशा विकास आराखड्यावर ठेवून बघा. गायब दिसतात ते बारके ओहळ. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा आखताना जमीनवापर कोणत्या सालचा धरला, हे जरूर विचारा. टेकडी मोकळी धरून काढलेली रेषा आज खोटी ठरते.

बावधन ते औंध : पुण्यात बावधन, पाषाण, औंधमधून वाहणाऱ्या रामनदीचं थोडक्यात सांगतो. टेकडी फोडली की मुरूम वाहतो, पाषाण तलावात बसतो, साठवण घटते. पात्रातच मैलावाहिनी टाकली की पावसाळ्यात पाणी चेंबरमध्ये घुसतं आणि खालच्या चेंबरचं झाकण उचलून मैल्यासकट बाहेर येतं. वाहिनी काठावर, पूरपातळीच्या वर न्यायला हवी. चढ आला तर पंप लावा, पण पात्र सोडा.