बोधचिन्हाची मूळ फाइल देताना वेगळा मोबदला मागावा का?

प्रश्न : राजारामपुरी, कोल्हापूर
नमस्कार. मी चार वर्षांपासून स्वतंत्रपणे बोधचिन्हांची आणि जाहिरातींची कामे करतो. दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डातील एका गूळ व्यापाऱ्यांना ६,००० रुपयांत बोधचिन्ह करून दिले. सगळे तोंडीच ठरले होते, आणि दुकानाची पाटी, बिलबुक व गुळाच्या रव्यांवरचे (ढेपांवरचे) लेबल एवढाच वापर तेव्हा डोळ्यांसमोर होता. आता ते गूळ पावडरीची पाकिटे परदेशी पाठवणार असून त्यांना कोरलड्रॉ या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल हवी आहे. ‘पैसे तर तेव्हाच दिले’ असे त्यांचे म्हणणे आहे. नव्याने मोबदला मागणे रीतीला धरून होईल का, आणि आकडा कशाच्या आधारावर सांगावा? गिऱ्हाईक चांगले आहे, संबंध तुटावेत अशी इच्छा नाही.

उत्तर : शाहूपुरी, छपाई व्यवसाय
माझ्या मते फाइल देऊन टाकावी. आपण दिली नाही, तर दुसरा कोणीतरी जेपीजी चित्रावरून ते चिन्ह ट्रेस करील, वळणे बिघडतील, रंग बदलतील आणि तेच बिघडलेले रूप हजारो पाकिटांवर छापले जाईल. असे आमच्याकडे वारंवार येते आणि बघून वाईट वाटते. मात्र अक्षरांचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरे रेषाकृतींत बदलूनच, फाइल द्या, कारण फॉन्टचा परवाना आपला असतो, तो फाइलबरोबर दुसऱ्याला देता येत नाही. सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या प्रमाणाचे, आकडेही लिहून द्या.

उत्तर : मंगळवार पेठ, जाहिरात संकल्पक
छपाईवाल्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण फाइल आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पगारी नोकर नसलेल्या संकल्पकाने केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, सर्वसाधारणपणे तो स्वतःच असतो. मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राला आणि छायाचित्राला त्याच कायद्यात अपवाद आहे, त्यामुळे बोधचिन्ह त्या अपवादात बसते की नाही यावर वाद होऊ शकतो. म्हणून हक्कांची गोष्ट कागदावर आणलेली दोघांच्याही हिताची. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशीच करावे लागतात, हे कलम १९ सांगते. त्या हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच समजले जातात. आपल्या व्यापाऱ्यांचा माल परदेशी जाणार आहे, तेव्हा ही शेवटची ओळ त्यांना नीट समजावून सांगा. अडवणूक वाटणार नाही.

दराबद्दल माझी पद्धत सांगतो. चिन्ह काढायला किती तास लागले यावर मी दर ठरवत नाही, ते कुठे, किती काळ आणि कोणत्या मालावर वापरले जाणार यावर ठरवतो. कोटेशनमध्येच नमुन्यांची संख्या, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या आणि वापर लिहितो, आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतो. आपल्या बाबतीत मी फाइल विनामूल्य दिली असती आणि सर्व देशांसाठी कायमच्या लेखी हस्तांतरणाचे १५,००० रुपये सांगितले असते. आणखी एक, पाकिटावर ‘कोल्हापुरी गूळ’ असे लिहायचे असेल तर त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का हे त्यांना आधी विचारा.

उत्तर : गोकुळ शिरगाव, मसाला उत्पादक
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. आमच्या चिन्हाचा ट्रेडमार्क नोंदवताना वकिलांनी संकल्पकाचे हस्तांतरणपत्र मागितले, तोवर असे काही लागते हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षे टिकते, त्यामुळे त्या पत्रासाठी पैसे देताना मला जड गेले नाही. काम उरकल्यावर अचानक निघालेली रक्कम मात्र खटकते. आपण त्यांना प्रत्यक्ष भेटून, ट्रेडमार्कचा विषय काढूनच बोला.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. सोमवारी त्यांच्या दुकानात जाऊन कर्व्ह केलेली फाइल देणार आहे, आणि हस्तांतरणाचा मसुदा १०,००० रुपयांचा आकडा लिहून सोबत नेणार आहे. मंगळवार पेठेतील सरांनी सुचवलेल्या आकड्यापेक्षा तो कमी आहे, कारण पहिल्या वेळी वापराबद्दल न विचारण्याची चूक माझी होती.