आखाजीला गावात मूकपट दाखवायचे आहेत: वेग, पडदा, वाद्यं आणि पाट्या

गिरणाकाठ:
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात तीन रात्री जुने मूक विनोदपट दाखवायचं ठरतंय. जागा शाळेच्या पटांगणाची. तीन-चारशे माणसं येतील: माहेरी आलेल्या लेकी, पोरंसोरं आणि इंग्रजी अजिबात न वाचणारी म्हातारी मंडळी. चाचणी म्हणून चॅप्लिनचा १९१६ चा 'द रिंक' नेटवरून घेऊन लावला. पहिली पाच मिनिटं हशा होता, मग गप्पा सुरू झाल्या. माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसतात, चित्रात पाय कापले जातात आणि फाइलमधला पियानो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीत वाजतो. हे पट शंभर वर्षं लोकांना हसवत आलेत, म्हणजे चूक दाखवण्यात आहे. कुठे काय दुरुस्त करावं? आणि कोणते पट निवडावेत?

रिळवाला:
भाऊ, पहिला दोष वेगाचा. तो सुधारला की अर्धं काम झालं.

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. एका फेऱ्यात आठ चौकटी (फ्रेम), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी. बोलपट आल्यावर वेग २४ वर पक्का झाला. सोळाने घेतलेलं चित्र चोविसाने चालवलं की सगळं दीडपट पळतं. विनोदाचं यात मोठं नुकसान होतं, कारण तो पडण्यात नसतो, पडण्याआधीच्या थबकण्यात असतो. त्या काळचा विनोदी नट बस्टर कीटन दार उघडतो, अर्धा सेकंद बघतो आणि मग पळतो. त्या अर्ध्या सेकंदाचा तिसरा हिस्सा कापला गेला की प्रेक्षकाला त्याचं बघणं दिसतच नाही, नुसतं पळणं दिसतं. पळण्याला माणूस पाच मिनिटं हसतो, पुढे कंटाळतो.

पण म्हणून सगळं १६ वर आणू नका. विनोदी नट मुद्दाम कॅमेरा सावकाश फिरवायला लावत, म्हणजे पडद्यावर हालचाल जराशी चपळ दिसावी. ती चपळाई त्यांना हवीच होती. १९१४ ते १७ चे पट साधारण १८ ते २० वर, १९२० च्या आसपासचे २० ते २२ वर आणि १९२७-२९ चे २२ ते २४ वर बरे दिसतात. शेवटच्या गटाला बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

अंदाजावर नको असेल तर मोजा. छातीच्या उंचीवरून, म्हणजे सव्वा मीटरवरून, सुटलेली जड वस्तू जमिनीवर पोचायला अर्धा सेकंद घेते. पटात वीट, बादली किंवा इस्त्री अशी पडताना शोधा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते. हात सुटल्यापासून जमीन लागेपर्यंत चौकटी मोजा आणि दुप्पट करा. आठ आल्या तर चित्रण १६ चं, दहा आल्या तर २० चं. आलेल्या आकड्यात दोन ते चार मिळवा, तो तुमचा दाखवायचा वेग. टोपी किंवा कागद यासाठी चालणार नाही, हवा त्यांना अडवते. अशी वस्तूच नसेल तर विनोदात भाग नसलेला माणूस बघा: मागून जाणारा वाटसरू, टांग्याचा घोडा, नळाचं पाणी. ती नैसर्गिक वाटली की वेग बरोबर.

एक सावधगिरी. पुष्कळ फाइली आधीच सावकाश केलेल्या असतात. चौकटी पुढे सरकवताना दर चौथी चौकट आधीचीच पुन्हा दिसली तर ती १८ वरून २४ केलेली आहे, दर सहावी दिसली तर २० वरून. तिला आणखी सावकाश केलं तर चित्र पाण्यात चालल्यासारखं होतं. मोजतानाही या दुबार चौकटी धरू नका.

चाचणीपुरतं व्हीएलसीत कंसाच्या दोन बटणांनी वेग दहा-दहा टक्क्यांनी कमी-जास्त करता येतो. खेळासाठी मात्र एडिटिंग अ‍ॅपमध्ये क्लिपचा वेग ठरवून नवी फाइल काढा. २० चा पट २४ च्या फाइलमध्ये असेल तर वेग ८३ टक्के ठेवायचा, २० मिनिटांचा पट २४ मिनिटांचा होईल. वाजवणाऱ्यांना ही वेळ पक्की लागते.

रंग भरलेल्या आणि 'साठ चौकटींच्या' नव्या आवृत्त्या घेऊ नका. यंत्र मधल्या चौकटी स्वतः रचतं, त्यात वेगाने हलणारे हातपाय पुसट होतात आणि मूकपटाचा सगळा मजकूर हातापायांतच असतो.

मांजरपाट:
पाय कापले जातात ते चौकटीच्या प्रमाणामुळे. हे पट चारास तीन या प्रमाणात घेतलेत. रुंद पडदा भरावा म्हणून वरखाली कापलं की चॅप्लिनचे बूट जातात, ताणलं की सगळे जाडे होतात. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि उघड्या खिडकीतून तो शाबूत राहतो. चौकटीचा वरचा भाग कापलेला असेल तर खिडकी आधी दिसत नाही आणि तो वाचला कसा हेच कळत नाही. व्हीएलसीत 'ए' दाबून प्रमाण ४:३ करा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. फाइलच कापलेली असेल तर दुसरी शोधा, ती सुधारत नाही.

यासाठी शाळेतला किंवा ऑफिसातला जुना १०२४ गुणिले ७६८ चा प्रोजेक्टर उत्तम, त्याची चौकट मुळातच चारास तीन असते. नव्या रुंद प्रोजेक्टरवर चित्र रुंदीच्या पाऊण भागातच मावतं. आठ फूट बाय सहा फूट चित्राला अंधारात २५०० ते ३००० ल्युमेन पुरतात. 'थ्रो' (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीडचा असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून बारा फुटांवर येईल. तो लोकांच्या मधोमध येतो, म्हणून भोवती दोरी बांधून जागा राखा.

पडदा मांजरपाटाचा, पण मागे काळं कापड लावा, नाहीतर प्रकाश आरपार जाऊन चित्र फिकं पडतं. चारही कडा फक्त कोपऱ्यांत न बांधता दर दीड फुटावर दोरीने ताणा. वैशाखातला वारा सैल पडद्याचं शीड करतो. खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी. बसलेल्या माणसांच्या डोक्यांआड पाय गेले तर आधीचं सगळं वाया.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाची. रात्री आठलाही हवा तापलेली असते आणि बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपुढे स्वतःहून बंद पडतात. जाळी आदल्या दिवशी साफ करा, सेटिंगमध्ये 'हाय अल्टिट्यूड' असेल तर चालू ठेवा (आतला पंखा जोरात फिरतो) आणि बाजूने टेबलफॅन लावा. खेळ संपल्यावर एकदम वीज तोडू नका, आतला पंखा थांबू द्या. वीज गेलीच तर प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला मिळून साधारण ३५० वॉट लागतात, इन्व्हर्टर त्या हिशेबाने बघा. किड्यांसाठी वीस-पंचवीस फुटांवर एक पिवळा बल्ब पेटता ठेवा, म्हणजे ते झोतात कमी येतात. चांदण्याची काळजी नको, तृतीयेची कोर लवकर मावळते.

ढोलकी_पेटी:
मूकपट थिएटरात मुका कधीच नव्हता. कुठे पियानो, कुठे ऑर्गन, कुठे पूर्ण वाद्यवृंद असायचा आणि कुठल्या प्रसंगाला काय वाजवायचं याची यादी वादकाला मिळायची. तुम्ही फाइलचा आवाज बंद करा आणि गावातले वाजवणारे बसवा. पेटी, ढोलकी, झांज एवढं पुरे. तमाशातल्या सोंगाड्याला साथ केलेला ढोलकीवाला मिळाला तर सोनं, कारण हजरजबाबाला थाप कधी द्यायची आणि कधी हात आवरायचा हे त्याला शिकवावं लागत नाही.

चूक बहुतेक एकच होते: प्रत्येक पडण्याला थाप. तिसऱ्या थापेनंतर लोकांना पडणं आधीच कळतं. त्याऐवजी ठेका चालू ठेवा, नट थबकला की ठेकाही थांबवा आणि पडणं निःशब्द होऊ द्या. हशा आपोआप त्या रिकाम्या जागेत येतो, तो ओसरू लागला की पुन्हा ठेका. संवाद नसल्यामुळे हशाखाली काही बुडत नाही, ही मूकपटाची मोठी सोय आहे. दोन रिळांच्या (वीस-पंचवीस मिनिटांच्या) पटाला बारा-पंधरा बदल पुरतात. कागदावर वेळ लिहा: '२ मि. १० से., पोलीस येतो, ठेका दुप्पट'. पाठलाग आधीच चढ्या लयीत सुरू करू नका, वर जायला जागा उरत नाही. फेरबदल केलेल्या फाइलवरच दोन तालमी घ्या. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेत, पाठीमागून आवाज आला की माणसं मागे वळून बघतात.

लोकांना माहीत असलेलं गाणं वाजवू नका. सगळे ते गुणगुणायला लागतात आणि चित्र बाजूला पडतं.

भुसावळ_यार्ड:
निवडीबद्दल. पहिल्या रात्री दोनच पट: कीटनचा 'वन वीक' (१९२०) आणि त्याआधी रॉस्को आर्बकल व मेबल नॉर्मंडचा 'फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट' (१९१६). दोन्ही घराच्या फजितीचे. एकात नवपरिणित जोडपं सुट्या भागांचं घर जोडतं, पण खोक्यांवरचे आकडे कुणीतरी बदललेले असतात. दुसऱ्यात घर समुद्रात तरंगत जातं. घरकुलाचं काम डोळ्यांसमोर चाललेल्या गावाला यात काही समजवावं लागणार नाही. मेबलचं नाव सुरुवातीला जरूर घ्या. १९१४ मध्ये ती कीस्टोन कंपनीत नुसती नायिका नव्हती, दिग्दर्शनही करत होती, चॅप्लिनला घेऊनसुद्धा.

दुसऱ्या रात्री लॉरेल-हार्डीचा 'बिग बिझनेस' (१९२९) आणि हॅरल्ड लॉइडचा 'सेफ्टी लास्ट' (१९२३). पहिला म्हणजे बांधावरचं भांडण. एकजण शांतपणे दुसऱ्याची वस्तू मोडतो, दुसरा उभा राहून पूर्ण बघतो, मग याची पाळी. कुणीही घाई करत नाही, म्हणूनच तो दर मिनिटाला वाढत जातो. 'सेफ्टी लास्ट'चा शेवटचा भाग इमारत चढण्याचा. ती युक्ती अशी: खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर भिंतीचा खोटा तुकडा उभारला, कॅमेरा असा लावला की खालचा रस्ता खराच दिसावा, आणि चौकटीबाहेर गाद्या पसरलेला मंच ठेवला. दुरून दिसणारी काही चढाई बिल स्ट्रोदर या खऱ्या चढणाऱ्याची आहे, जो पटात मित्राचं काम करतो. तरी जवळच्या दृश्यांतली पकड लॉइडचीच आहे, आणि १९१९ च्या स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेलेली होती. हे खेळ संपल्यावर सांगा. आधी सांगितलं तर लोक हसायचे सोडून हाताकडे बघत बसतात.

तिसऱ्या रात्री 'द जनरल' (१९२६). रेल्वेच्या पट्ट्यात यापेक्षा योग्य पट नाही. वाफेच्या इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर कीटन बसतो आणि इंजिन हलतं. ड्रायव्हरने वाफ जरा जास्त सोडली असती तर चाकं जागच्या जागी गरगरली असती आणि तो फेकला गेला असता. पुढे इंजिनाच्या नाकावर बसून हातातला स्लीपर (रुळांखालचा लाकडी ओंडका) टाकून तो रुळावरचा दुसरा स्लीपर उडवतो. स्लीपर उचललेल्या माणसाला त्या फेकीतला नेम लगेच कळतो. पुलावरून कोसळणारी गाडी खरी आहे, ओरेगन राज्यात जुलै १९२६ मध्ये एकाच खेपेत घेतलेली. सुरुवातीला दोन वाक्यं सांगा: अमेरिकेतलं यादवी युद्ध, नायक दक्षिणेच्या बाजूचा इंजिनड्रायव्हर. दक्षिण गुलामगिरी राखण्यासाठी लढत होती हेही मोठ्या मुलांना सांगावं, पट ते सांगत नाही.

टाळायचं काय? चॅप्लिनचा 'वन ए.एम.' (१९१६) अभिनयाच्या दृष्टीने थोर आहे, जवळजवळ सगळा पट तो एकटा पेलतो. पण पूर्ण पट दारुड्याचा आहे, आणि ज्या घरांत रोज हे सोसलं जातं त्या बायकांपुढे तो आखाजीला लावू नये. कीटनच्या 'सेव्हन चान्सेस' (१९२५) मधला दगडांचा पाठलाग अफलातून आहे, पण त्या पटात तोंडाला काळं फासून केलेलं हीन पात्रही आहे. तिथला फक्त पाठलाग दाखवा. कुठलाही पट आधी एकदा शेवटपर्यंत स्वतः बघितल्याशिवाय लावू नये.

गिरणाकाठ:
फार उपयोगी पडलं. मोजून बघितलं: आमच्या फाइलमध्ये एकही दुबार चौकट नाही, म्हणजे सरळ २४ ने पळवलेली आहे. आता पाट्यांचं, म्हणजे मधे येणाऱ्या इंग्रजी मजकुराचं, सांगा. अहिराणीत वाचून दाखवल्या तर? आणि हक्कांचा (कॉपीराइटचा) काही प्रश्न येतो का?

रिळवाला:
अहिराणीतच वाचा. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्येही पाट्या इंग्रजीबरोबर हिंदीतही होत्या, म्हणजे प्रेक्षकाची सोय बघणं पहिल्यापासूनचं आहे. वाचणाऱ्याला आधीच लिहून द्या, ऐनवेळी भाषांतर नको. सेकंदाला दोन शब्द धरा. पाच सेकंदांच्या पाटीला आठ-दहा शब्दांपेक्षा जास्त नकोत आणि पाटी जायच्या आत वाक्य संपलंच पाहिजे. चित्र आल्यावरही वाचणारा बोलत राहिला तर लोक त्याच्याकडे बघतात आणि तेवढ्यात विनोद निघून जातो. 'दुसरा दिन सकायले' एवढं पुरे, पाटीवरचं वर्णन सोडून द्या. नट ओठ हलवतो पण पाटी येत नाही, तिथे काहीही भरू नका. हा मोह सगळ्यांना होतो. पोरं आपापसात 'हाई काय शे?' विचारतील, त्यांना विचारू द्या, उत्तर पडद्यावर येतं. एक बाई आणि एक पुरुष असे दोन वाचणारे घेतले तर कोण बोलतंय हे न सांगता कळतं.

हक्कांचं: आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे १९२० च्या दशकातल्या मूळ पटांची मुदत केव्हाच संपली. संगीताचा हिशेब वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. चॅप्लिन १९७७ मध्ये गेला, म्हणून त्याने १९४२ मध्ये 'द गोल्ड रश'ला नव्याने दिलेलं संगीत अजून मोकळं नाही. नव्या डीव्हीडींवरच्या साथीचंही तसंच. म्हणजे फाइलचा आवाज बंद आणि ढोलकी-पेटी चालू, यात तीही अडचण सुटते.

मांजरपाट:
वाचणाऱ्यांच्या हातात टॉर्च देऊ नका, पडद्यावर उजेड येतो. कागदावर मोठी अक्षरं आणि लहानसा लाल दिवा, तोही पडद्याकडे पाठ करून. आणि फाइली लॅपटॉपवर तर ठेवाच, पण दोन पेनड्राइव्हवरही घ्या. लॅपटॉपची झोपेची सेटिंग आणि सूचना बंद करा, 'सेफ्टी लास्ट'मध्ये लॉइड घड्याळाला लटकलेला असताना पडदा काळा होता कामा नये.