चारचौघांत प्रार्थना करायची भीती: तुमचा अनुभव लिहा

घरसभेत गीत संपतं, आता प्रार्थना कोण करणार म्हणून पाळकसाहेब (आपले धर्मगुरू) मान वर करून नजर फिरवतात आणि अर्धी मंडळी एकदम बायबलात तोंड खुपसते. हसू नका, आपण सगळेच त्यातले. परवा उपासनेनंतर चहाला हा विषय निघाला तो थांबेचना, म्हणून हा धागा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, पुण्यातल्या कुठल्याही मंडळीतले, म्हणजे चर्चमधले असा, लिहा. भीती गेली असेल तर कशी गेली ते सांगा. गेली नसेल तरी सांगा. उपदेश नको, तो रविवारी मिळतो.

रास्ता पेठेतून

मला देवाची भीती कधीच नव्हती, सासूबाईंची होती. त्या नगरकडच्या, वडील शिक्षक. प्रार्थनेला उभ्या राहिल्या की 'हे सर्वसमर्थ, कृपावंत, स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात, मग स्तोत्रांतली वचनं, मध्येच 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली नारायण वामन टिळकांची एखादी ओळ, सगळं तोंडपाठ. आणि त्यांच्यानंतर पाळी माझी! मी इंग्रजी शाळेतली. घसा कोरडा पडायचा, दोन वाक्यांत आमेन गाठायचे.

त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्या पलंगावर बसून म्हणाल्या, "आज तू कर." घरात तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "प्रभू, आईंचा डोळा उद्या आहे. त्या घाबरल्यात, पण सांगत नाहीयेत. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. येशूच्या नावानं मागते, आमेन." सासूबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "मी घाबरलेय हे तुला कोणी सांगितलं?" मग स्वतःच हसल्या. तेव्हापासून मी मोठी प्रस्तावना करायच्या फंदातच पडत नाही. जे मागायचंय ते मागते. मंडळीत अजूनही छातीत धडधडतं, पण आवाज फुटतो.

वानवडीहून

मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. त्यातही 'प' अडतो, आणि आपल्या प्रार्थनेत प्रभू, पिता, पवित्र आत्मा, सगळे 'प'चेच! लोक कळवळून बघतात, ते तर आणखी वाईट. बायबलात निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशे हेच गाऱ्हाणं घालतो की मी जिभेचा जड आहे. देव रागावतो, पण त्याच्या वतीनं बोलायला सोबत भाऊ अहरोन देतो. आमच्या तरुण संघातला एक मित्र माझा अहरोन झाला. आम्ही दोघं मिळून प्रार्थना करायचो, मी अडलो की तो पुढचं वाक्य घ्यायचा, मी सावरलो की गप्प. आता मी 'हे देवा' अशी सुरुवात करतो आणि अडलो तर थांबतो. मंडळीलाही सवय झालीय, कोणी माझा शब्द पुरा करत नाही.

येरवड्याहून

आम्ही कॅथलिक. जपमाळ कितीही मोठ्यानं म्हणू, पण स्वतःच्या शब्दांत? छे. मिस्सामधल्या (आमच्या उपासनेतल्या) श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे सगळ्यांसाठीच्या विनवण्या, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) पुन्हा सुरू झाल्या, पण त्याही आम्ही चिठ्ठीवरूनच वाचतो. मी चिठ्ठी वाचून संपल्यावर शेवटी एक वाक्य स्वतःचं घालायला लागलो. फादर काही बोलले नाहीत.

हडपसरहून

पणजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. तिथे १९०५ मध्ये मोठं संजीवन (श्रद्धेची नवी लाट) झालं, तेव्हा सगळ्या मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. आमच्या मंडळीत अजून ती पद्धत आहे, आणि लाजाळू माणसाला ती फार सोयीची. गलक्यात आपला आवाज कोणाला ऐकू येत नाही, पण आपल्या कानाला त्याची ओळख होते. शिवाय रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचं भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. त्या गेल्यावर, १९२४ साली ते छापून आलं. एवढी विद्वान बाई साधं लिहिते, मग आपण कशाला जड बोलायचं?

कोथरूडहून

हडपसरकर, मला तो गलकाच जास्त घाबरवतो. आणि सगळ्यांनी मोठ्यानं केलीच पाहिजे का? बायबलातली हन्ना मंदिरात मूल मागत होती, तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते. एली याजकाला ती प्यायलेली वाटली, पण देवानं ऐकलंच ना. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू दार लावून घेऊन प्रार्थना करायला सांगतो. माझी तक्रार वेगळीच आहे: न विचारता भर सभेत प्रार्थनेसाठी नाव पुकारणं. एका ठिकाणी असं झाल्यावर मी कितीतरी दिवस मागच्या बाकावर, खांबाआड बसत होते.

रास्ता पेठेतून, पुन्हा

कोथरूडच्या ताई, पटलं. आमच्याकडे आता शनिवारीच व्हॉट्सअॅपवर विचारतात, 'उद्या अर्पणाची (दानाच्या वेळची) प्रार्थना कराल का?' रात्रभर विचार करायला मिळतो. नाही म्हटलं तर पुन्हा विचारत नाहीत, निदान महिनाभर तरी.