नागपूरची थंडी आणि गोठलेले खोबरेल
उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नागपुरात मुंबईहून आलेल्या माणसाला एवढी थंडी का वाजते, ते थोडक्यात सांगतो. समुद्र दूर असल्याने येथील कोरडी हवा सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. दुपारी २८ अंशांवर असलेला पारा पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तर तो ३.५ अंशांवर गेला होता. मी रत्नागिरीहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात खोबरेलाची बाटली दगडासारखी गोठली आणि खिडकीतला कूलर झाकायचा असतो हे ठाऊकच नसल्याने रात्रभर त्यातून गार वारा आत येत राहिला (घरमालक मनसोक्त हसले). एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कारण अकराच्या उन्हात ते उतरवावेच लागतात. ओठ आणि टाचा मात्र दिवाळीपासूनच सांभाळाव्यात.